ओढ्याच्या तोंडाशी

"विचार त्यांना," नाना म्हणाले, "माझा पोरगा तिथं कशाला गेला होता?"

मी दोघांच्या मध्ये बसले होते. डाव्या हाताला माझे सासरे, बार्शीहून दोन दिवसांचा प्रवास करून आलेले. अंगात उमाकांतचं जाड जाकीट, त्याच्या बाह्या पार बोटांवर आलेल्या. उजव्या हाताला आमचे शेजारी हॅल्डोर, पंच्याहत्तरी उलटलेले, टोपी काढून गुडघ्यावर धरलेली. नानांना इंग्रजी येत नव्हतं आणि हॅल्डोरना मराठीचा गंध नव्हता. त्या स्वयंपाकघरात दोन्ही भाषा येणारी मी एकटी होते. आणि नानांच्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असलेलीही मी एकटीच होते.

आदल्या दिवशी शहरात नेऊन उमाकांतला अग्नी दिला होता. अग्नी म्हणजे काय, एका बंद खोलीच्या दारावरचं बटण. ते नानांच्या बोटानं दाबलं. आमच्या लग्नाला नऊ महिनेही झाले नव्हते.

मी प्रश्न इंग्रजीत केला. हॅल्डोरनी टोपी बोटांत एकदा फिरवली आणि खाली बघत ते बोलायला लागले.

ते काय बोलले ते सांगते. पण कीर्तनात बुवा ऐन प्रसंगात आख्यान थांबवून मागं जातात आणि मंडपातलं कोणी उठून जात नाही, कारण बुवा परत येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. तशी मीही थोडी मागं जाते. या गोष्टीला एकवीस वर्षं झाली. नाना गेल्या वर्षी गेले. ते होते तोवर ही गोष्ट माझ्या एकटीची नव्हती, म्हणून कुठं बोलले नाही.

माझं माहेर आणि सासर एकाच आळीतलं. दोन्ही घरं शिंप्यांची, दोन्ही घरांत तुळशीची माळ. माझे वडील दिवसभर मशीन चालवायचे आणि संध्याकाळी देवळात टाळ घेऊन उभे राहायचे. मी पहिलं पाऊल टाकलं ते सप्ताहाच्या मंडपात, असं आई सांगते. बुवांनी चाल धरली की माझी मान आपोआप डोलायची, पुढं शाळेत पाढे म्हणतानासुद्धा डोलायची आणि मार बसायचा. कीर्तनाइतकं मला आयुष्यात दुसरं काही आवडलेलं नाही. सासरी जाताना मुली साड्या मोजतात, मी कॅसेटी मोजल्या होत्या. अकरा होत्या.

उमाकांत त्याच आळीत वाढलेला, पण त्याचं डोकं यंत्रात. कॅनडात मॅनिटोबा म्हणून प्रांत आहे, तिथल्या एका लहान गावात शेतीची अवजारं बनवणाऱ्या कारखान्यात त्याला नोकरी लागली. ज्येष्ठात लग्न झालं, गणपती उठले आणि मी तिथं पोचले. घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे हॅल्डोरचं घर, आणि त्याच्या मागं सरोवर. पलीकडचा काठ दिसत नाही एवढं मोठं.

उमाकांतनं आल्याआल्या ठरवून टाकलं होतं की घरात बसायचं नाही. घरात बसणाऱ्याला इथला हिवाळा खातो, असं त्याला कारखान्यातल्यांनी सांगितलं होतं. मग काय, आठवड्याला एक नवं वेड. जुन्या बाजारातून दोन सायकली आल्या. त्यावरून आम्ही जंगलातल्या वाटांनी जायचो आणि डबीभर रानफळं आणायचो. मग तंबू आला, त्यात एक रात्र काढून आम्ही दोघं आठवडाभर शिंकत होतो. पहिला बर्फ पडल्यावर पायाला बांधायच्या जाळीच्या खडावा आल्या. त्या घालून मी बदकासारखी चालायचे आणि तो मागून हसायचा. जाड कापडाच्या विजारी मी स्वतः बेतल्या, स्वतः शिवल्या. मापं घेताना त्यानं पोट आत ओढलं, तर म्हटलं, नानांनीही गिऱ्हाइकाला कधी पोट आत घेऊ दिलं नाही, तुम्हीही घेऊ नका. तो म्हणाला, इथं तरी अहो-जाहो सोड. घरात मला ते कधी जमलं नाही. बर्फावर, आजूबाजूला मैलभर कोणी नसताना मात्र मी त्याला 'अरे' म्हणायचे. तेवढं स्वातंत्र्य मी त्या सरोवराकडून घेतलं.

बर्फावर आम्हाला नेलं हॅल्डोरनी. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलं लांब. सबंध आयुष्य त्या सरोवरावर मासेमारी केलेली. उमाकांत त्यांना आमच्या बोलण्यात 'पाटील' म्हणायचा, कारण सरोवरावर कोण कुठं बसलंय, कुणाचं काय चाललंय, सगळी खबर त्यांना असायची. डिसेंबरात पाणी दगडासारखं गोठलं की ते आपलं लाकडी खोपटं ट्रकला बांधून आत ओढून न्यायचे. खोपट्यात एक लहान शेगडी, बसायला दोन पालथ्या बादल्या. गिरमिटानं बर्फाला हातभर खोल भोक पाडायचं, त्यात गळ सोडायचा आणि बसायचं.

उमाकांतला याचं फार वेड लागलं. माळकऱ्याचा पोर, मासा खाणं दूरच, पण गळाला ओढ लागली की त्याचे डोळे लहान मुलासारखे व्हायचे. वर काढायचा, बघायचा आणि अलगद सोडून द्यायचा. हॅल्डोर म्हणायचे, "तू मासे धरायला येतोस की त्यांची विचारपूस करायला?" ते स्वतः धरलेले मासे तिथंच साफ करायचे. मी तोंड फिरवून बसायचे. उमाकांतनं मला बजावलं होतं, नानांना यातलं काही लिहू नकोस, त्यांना वाटेल पोरानं माळ तोडली.

शनिवारी दुपारी हॅल्डोर जेवायला घरी गेले की खोपट्यात आम्ही दोघंच. मग मी कीर्तन करायचे. खरंच करायचे. बुवांसारखी कमरेला शाल गुंडाळून, एक पाय पुढं टाकून. उमाकांत दोन चमचे घेऊन टाळ धरायचा आणि मध्येच गळाकडे बघायचा. मी म्हणायचे, श्रोत्यांनी लक्ष द्यावं. तो म्हणायचा, श्रोता दोन्हीकडे आहे महाराज. तेवढं सुख मला नंतर कुठल्याही मंडपात मिळालं नाही.

जानेवारीत एकदा हॅल्डोर आम्हा दोघांना घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत लांब गेले. एके ठिकाणी जंगलातून एक ओढा येऊन सरोवराला मिळतो. वरून बघावं तर तिथंही तसाच पांढरा बर्फ. हॅल्डोरनी लांबूनच आम्हाला थांबवलं. आडवं झोपून पुढं सरकले, पहार मारली. एका घावात पाणी वर आलं. मग उठून आले आणि पहार माझ्या हातात दिली. म्हणाले, तूही मार, हाताला कळू दे. मी मारली. हाताला कळलं. खालून पाणी वाहतं म्हणून इथं बर्फ धरत नाही, ते सांगत होते. वर बर्फ दिसतो, पण तो नुसता झाकणासारखा. मग त्यांनी झाडाच्या हिरव्या फांद्या तोडून आमच्यादेखत तिथं अर्धवर्तुळात रोवल्या. याच्या पलीकडे पाऊल नाही, म्हणाले.

आता माझ्या देवांचं सांगायला हवं.

विठ्ठल-रखुमाईच्या वीतभर मूर्ती मी बरोबर नेल्या होत्या. रोज पूजा करायचे. दुकानात शेवंतीसारखी फुलं मिळायची, ती वाहायचे. दुसऱ्या दिवशी ती उतरली की प्रश्न यायचा निर्माल्याचा. देवाच्या अंगावरून उतरलेलं फूल कचऱ्यात जात नाही, कुणाच्या पायाखाली येत नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. श्वास घ्यायला कोण शिकवतं? आमच्याकडे टोपलीत साठवायचं आणि नदीला सोडायचं. तिथं बर्फ पडेपर्यंत मी काठावर जाऊन सोडत होते. पाणी गोठल्यावर उमाकांत म्हणाला, दे इकडे, मी भोकातून सोडतो, तेही पाणीच आहे. दर शनिवारी मी कापडी पिशवी भरून द्यायचे. मला ते पटलं होतं.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी मी बरोबर गेले. खोपट्यात पाऊल टाकलं आणि खाली बघितलं. भोकातलं पाणी साचलेलं, न हलणारं. सोडलेली फुलं तिथंच वर येऊन तरंगलेली आणि आठवडाभरात बर्फात गोठलेली. पिवळ्या पाकळ्या, त्यावर बुटांचे ठसे, माशांचं रक्त, खवले. आणि मी त्यावर उभी होते.

मी बाहेर आले आणि एकटी घरी गेले. त्यानंतर आठवडाभर मी उमाकांतशी बोलले नाही. त्यानं माफी मागितली, समजूत काढली, मग तोही चिडला. म्हणाला, दोन महिन्यांत बर्फ वितळेल, तोवर कोपऱ्यात ठेव ना. ते साधं होतं. ठेवता आलं असतं. मला ते सुचलं नव्हतं असं नाही, मला ते कमी वाटलं. देवाचा एवढा अपमान झाल्यावर नुसतं साठवून ठेवणं मला पुरेना. मला पुसून टाकायचं होतं.

पुढच्या शनिवारी तो निघायच्या वेळी मी पिशवी घेऊन दारात उभी राहिले. हॅल्डोर त्या दिवशी डोळे तपासायला शहरात गेले होते.

"वाहत्या पाण्यात सोडणार असाल तर देते," मी म्हटलं. आठवड्याभरातलं माझं पहिलं वाक्य.

"वाहतं पाणी एकाच ठिकाणी आहे, ज्योत्स्ना."

"मग तिथं."

"पाटलांनी काय सांगितलंय, आठवतंय ना?"

"जवळ कोण जा म्हणतंय? लांबून टाका."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मी बोलले याचाच त्याला आनंद झाला होता, ते तोंडावर दिसत होतं. पिशवी घेतली आणि हसत म्हणाला, "बरं बाई. तुझ्या देवाला म्हणावं, तेवढा बर्फ धरून ठेव."

लांबून टाकलेली पिशवी बर्फावरच पडते, पाण्यात जात नाही. हे त्याला तिथं गेल्यावर कळलं असणार. मला घरात उभं असतानाच कळायला हवं होतं. मग ती पाण्यात पोचवायला तो आणखी पुढं गेला असेल. मी तिथं नव्हते. मला एवढंच ठाऊक आहे की दुपारी शहरातून परत येणाऱ्या हॅल्डोरना किनाऱ्याच्या रस्त्यावरून ती फांद्यांची रांग दिसली, आणि मध्ये काळं पाणी दिसलं. अग्निशमनवाल्यांनी नारिंगी कपडे घालून दोरांनी त्याला काढलं. पिशवी ओढ्यानं नेली. जाकिटाच्या खिशात वीतभर काठीचा छोटा गळ सापडला, तो कायमच तिथं असायचा. कागदावर लिहिलं गेलं, मासेमारी करताना अपघात. मला विचारलं तेव्हा मी मान हलवली.

तर हॅल्डोर खाली बघत बोलायला लागले, तिथं मी थांबले होते.

ते म्हणाले, चूक त्यांची आहे. हिवाळ्याच्या शेवटी मोठे मासे त्या ओढ्याच्या तोंडाशी गोळा होतात, तिथलं पाणी ताजं असतं म्हणून. महिन्यापूर्वी चहा पिताना त्यांनी ही गोष्ट उमाकांतला रंगवून सांगितली होती. त्यांच्या तरुणपणी तिथं धरलेल्या एका माशाची गोष्ट. तो त्यासाठीच गेला असणार, नाहीतर फांद्या ओलांडून जाण्याचं दुसरं काही कारण नव्हतं. पोराचं रक्त गरम असतं हे ठाऊक असताना म्हाताऱ्या माणसानं जीभ आवरायला हवी होती. त्या दिवसापासून त्यांना झोप नाही. वडिलांना जे बोलायचं असेल ते त्यांनी बोलावं.

"काय म्हणतात?" नानांनी विचारलं.

मी सांगितलं. शब्दाला शब्द. त्यात माझ्या पदरचं एक अक्षर नव्हतं. आयुष्यात मी बोललेलं सगळ्यात मोठं खोटं, आणि त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

नानांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मासे?"

"हो."

"उमा मासे धरत होता?"

मी म्हटलं, धरून सोडून द्यायचा, नाना. खात नव्हता. नानांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. गळ्यातली स्वतःची माळ त्यांनी मुठीत धरली होती. माळ काढून ठेवली होती का त्यानं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, गळ्यातच होती. ते म्हणाले, मग ते जास्त वाईट.

मग त्यांनी हॅल्डोरकडे बघितलं आणि शांतपणे बोलले. मी तेही सांगितलं. ते म्हणाले होते, माझ्या घरात सात पिढ्यांत कुणी जीव मारला नाही, तुम्ही माझ्या मुलाला जीव मारायची गोडी लावलीत आणि त्यातच तो गेला. परमेश्वर तुम्हाला क्षमा करील तर करो, माझ्याच्यानं होणार नाही. हॅल्डोरनी शेवटपर्यंत ऐकलं. मग उभे राहिले, नानांपुढं मान खाली घातली, तशीच ठेवली, आणि टोपी हातातच धरून बर्फातून रस्ता ओलांडून गेले. उघड्या डोक्यानं. बाहेर उणे पंचवीस होतं.

त्यानंतर चार दिवस आम्ही सुतकात बसलो होतो.  मध्येच एकदा नाना म्हणाले, गावात काय सांगायचं उमाच्या आईला? पोरगा कसा गेला म्हणून सांगायचं? मला कळत होतं की त्यांचा मुलगा आता दुसऱ्यांदा जात होता. पहिल्यांदा बर्फात गेला होता, आता त्यांच्या मनातून जात होता. आणि खिडकीतून मला पलीकडे हॅल्डोर दिसत होते. त्यांनी खोपटं सरोवरावरून ओढून अंगणात आणलं होतं आणि कुऱ्हाडीनं त्याच्या फळ्या काढून रचत होते. हंगाम अजून महिनाभर होता.

मी दोन्ही बघत होते आणि गप्प होते. का, ते सांगते. नाना सोडून मला जगात आता कोणी नव्हतं असं मला वाटत होतं. आई-वडील होते, पण विधवा होऊन परत आलेली मुलगी माहेरी किती दिवस मावते हे मी आळीत पाहिलं होतं. नानांनी मला विमानतळावर जवळ घेऊन म्हटलं होतं, तू माझी सून नाहीस, आता तूच माझा मुलगा. ते एक वाक्य मला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. त्याची किंमत पलीकडचा म्हातारा देत होता.

सुतक फिटलं त्या दिवशी सकाळी नानांनी आंघोळ केली आणि देवांसमोर बसले. त्या शनिवारी सकाळी मी वाहिलेली फुलं मूर्तींवर तशीच होती, वाळून काळी झालेली. सुतकात देवाला हात लावायचा नाही, म्हणून राहिलेली. नानांनी ती एकेक करून उचलली, ताटलीत ठेवली.

"हे कुठं सोडता तुम्ही इथं?" त्यांनी विचारलं.

साधा प्रश्न. घरच्या माणसानं विचारावा तसा. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून ते सगळं बाहेर आलं. खोपट्यातल्या पाकळ्या, आठवड्याचा अबोला, दारातली पिशवी. मी म्हटलं, तो मासे धरायला नव्हता गेला, नाना. मी पाठवला होता. हेच घेऊन.

नानांनी ताटली खाली ठेवली. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही, कारण तो आनंद होता. मुलगा परत मिळाल्याचा. "म्हणजे देवाच्या कामाला गेला होता," ते म्हणाले. ते दोनदा म्हणाले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी जाकिटाच्या बाहीनं पुसलं. मग ती बाही तशीच डोळ्यांवर राहिली, आणि ती खाली आली तेव्हा ते माझ्याकडे बघत होते.

"आणि त्या माणसाला मी एवढं बोललो," ते म्हणाले. "तू सांगत होतीस. माझं त्यांना, त्यांचं मला. तुझा आवाजसुद्धा हलला नाही."

मी ताटलीतल्या काळ्या फुलांकडे बघत राहिले. 

"ऊठ," नाना म्हणाले.

उमाकांतचे बूट पायात घालून ते माझ्यापुढं रस्ता ओलांडून गेले. दोनदा घसरले, पण माझा हात त्यांनी घेतला नाही. दारापाशी थांबून मला म्हणाले, "मी बोलेन ते जसंच्या तसं सांगायचं. ते बोलतील तेही. काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही."

हॅल्डोरनी दार उघडलं. हातात करवत होती, ती त्यांनी भिंतीला टेकवली. आत या म्हणाले. नाना आत गेले, पण बसले नाहीत.

"त्या दिवशी तुम्ही माझ्यापुढं मान खाली घातलीत," नाना म्हणाले. "ती तुम्ही घालायची नव्हती. माझा मुलगा माशांसाठी गेला नव्हता. माझ्या सुनेनं त्याला देवाची फुलं वाहत्या पाण्यात सोडायला पाठवलं होतं. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी बोललो ते सगळं मी परत घेतो. तुमच्या पाया पडायला आलोय."

मी सांगत गेले. 'माझ्या सुनेनं' इथं आले तेव्हा थांबले. इंग्रजीत तेही सरळ सांगता आलं असतं, 'यांच्या सुनेनं', दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं. मी म्हटलं, मी.

नाना वाकायला लागले तसं हॅल्डोरनी पुढं होऊन त्यांचे खांदे धरले. त्यांना वाकू दिलं नाही. पण नजर नानांवर नव्हती, माझ्यावर होती. निळे, पाण्यासारखे डोळे, नुकतेच तपासून आणलेले.  शेगडीत एक फळी तडतडत होती. ती खोपट्याची होती.

मग ते मला म्हणाले, "मी पहार तुझ्या हातात दिली होती."

मी होय म्हटलं.

"तू स्वतः मारली होतीस. पाणी वर आलेलं तू पाहिलं होतंस."

"होय."

 नाना आमच्याकडे आळीपाळीनं बघत होते.

"काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

मघाशी घरात मी नानांना फुलांचं सांगितलं होतं, अबोल्याचं, पिशवीचं. बर्फाचं सांगितलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, नव्यानं आलेली पोर, तिला काय कळणार कुठला बर्फ कसा. अजूनही मला काहीही सांगता आलं असतं. ते म्हणतात वाईट झालं. ते म्हणतात देवाची इच्छा. हॅल्डोरना कळलं नसतं, नानांना कळलं नसतं. घरी गेल्यावर मी नानांचा मुलगा होऊन राहिले असते.

"ते म्हणतात," मी सांगितलं, "तिथला बर्फ माणसाचं वजन धरत नाही, हे त्यांनी मलाही दाखवलं होतं. माझ्याच हातानं घाव घालून दाखवलं होतं. मला ठाऊक होतं, नाना. ठाऊक असताना मी त्याला तिथं पाठवलं."

नानांचं तोंड थोडं उघडं राहिलं. त्यांनी एकदा दाराकडे बघितलं, जणू तिथून कोणीतरी येऊन यातलं काही खोटं म्हणणार होतं. मग विचारलं, "अजून काही राहिलंय?"

"नाही."

"मग त्यांना सांग, आम्ही परवा निघतो."

मी सांगितलं.  हॅल्डोरचे हात अजून नानांच्या खांद्यांवर होते. नानांनी आपले दोन्ही हात वर करून त्यांच्या मनगटांवर ठेवले, जाकिटाच्या लांब बाह्यांसकट. मी भिंतीपाशी उभी राहिले, कोणी काही बोललं तर सांगायला. पण कोणी बोललं नाही. ते दोघं म्हातारे तसेच एकमेकांना धरून उभे होते आणि एकमेकांकडेच बघत होते, आणि आता त्यांना मध्ये कुणाची गरज नव्हती.